दिव्याला लावलेली काच

लोणारच्या तळ्यात दिवस वरच्यापेक्षा आधी मावळतो. वर गावात अजून ऊन असतं, गुरं रानातच असतात, पण खाली पश्चिमेच्या कड्याची सावली पाण्यावरून सरकत येते आणि झाडीतली देवळं एकेक करून काळवंडत जातात. त्या देवळांची राखण करायला मला ठेवलं होतं. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता. जिल्ह्यातली जुनी देवळं, बारवा, समाध्या सरकारच्या यादीत होत्या, आणि ज्याच्यावर निळ्या पत्र्याची पाटी लागली ते संरक्षित स्मारक झालं, असं आम्ही समजायचो. पाटीवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं असे की हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचं आहे आणि त्याला इजा करणाऱ्याला शिक्षा होईल. गावातले लोक पाटी वाचून हसायचे. म्हणायचे, महादेवाले सरकारी नोकरी लागली, आता पेन्शन मिळते का पाहू.

मला हसू यायचं, पण मी गणवेशात असताना हसत नसे. खाकी सदरा होता, वानरं हाकायला काठी होती, झाडू होता, पाण्याचा माठ होता. माझ्या वाट्याला तळ्याच्या आतली देवळं आली होती, कमळजा देवीच्या वाटेपासून आडबाजूला असलेली. नवरात्रात देवीला गर्दी व्हायची, पण ती गर्दी माझ्याकडे वळत नसे. माझ्याकडे वानरं यायची, मोर यायचे, कधी चुकून शाळेची सहल यायची. उन्हाळ्यात पाणी मागे सरून काठावर खाराचा पांढरा थर उरायचा आणि त्याचा उग्र वास दिवसभर नाकात बसायचा. मी झाडलोट करून देवळाच्या पायरीवर बसायचो. कित्येक दिवस असे गेले की सकाळी चहाच्या टपरीवर बोललो तेवढंच, मग संध्याकाळपर्यंत तोंडातून शब्द नाही.

घर माझं जळगाव जामोदच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. बायको, दोन मुली आणि बाप तिकडे होते. लोणारला मला खोली मिळायला वेळ लागला. का लागला ते सांगत बसत नाही, जाणणारे जाणतील. आमच्या सगळ्या वस्तीनं दीक्षा घेतली त्याला तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. घरातले देव बापानं स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. आणि त्याचा मुलगा, म्हणजे मी, महादेवाचं देऊळ झाडत होतो. माझ्या आज्याला ज्या पायरीवर पाय ठेवता आला नसता, त्या पायरीवर बसून मी डबा खायचो आणि येणाऱ्याला चपला काढायला सांगायचो. बापाला हे कळलं तेव्हा त्यानं हातातलं काम खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाला, नोकरी आहे, इमानानं कर. आपल्या माणसावर आधीच बोट असते, एक खोटं सापडलं तर साऱ्या समाजाच्या नावानं जाते. हे त्याचं बोलणं मी मनात फार घट्ट धरून ठेवलं. पुढं जे झालं ते त्यानंच झालं असं मी म्हणत नाही. पण त्याच्याशिवायही झालं नसतं.

त्या देवळात रोज एक बाई यायची. पन्नाशीची असेल, नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. तिसऱ्या प्रहरी ती कड्याच्या वाटेनं उतरायची, एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातानं झाडांचा आधार घेत. गाभाऱ्याबाहेरच्या भिंतीत एक दिवळी होती, काजळीनं काळी झालेली. तिच्यात मातीचा मोठा दिवा होता. बाई वात सारखी करायची, तेल भरायची, दिवा लावायची आणि दोन घटका बसून निघून जायची. तो दिवा रात्रभर जळायचा.

पहिले काही महिने आम्ही बोललो नाही. मी कोण ते तिला गावातून कळलंच असणार. ती आली की मी पायरीवरून उठून बाजूला व्हायचो, ती अंग चोरून आत जायची. मग एका वैशाखात ती चढून वर निघाली आणि पहिल्याच वळणावर बसली. तिला घेरी आली होती. मी माठातलं पाणी तांब्यात घेऊन गेलो आणि थोडा लांब उभा राहिलो. ओंजळीत ओतू की काय करू, कळेना. तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला आणि तोंडाला लावला. पाणी संपल्यावर म्हणाली, "थंड हाय. माठ कुठचा?" मी सांगितलं. त्यानंतर ती रोज माझ्या माठातलं पाणी प्यायची आणि मी तिला मावशी म्हणू लागलो. ती मला भाऊ म्हणायची.

तिचं बोलणं साधंच असायचं. कुणाची म्हैस व्याली, कुणाची सून माहेरी गेली, घाण्यावर तेल्यानं तेलात कशी लबाडी केली. पण दिवसभर गप्प बसलेल्या माणसाला ते किती होतं हे मी सांगू शकत नाही. तिच्यामुळेच मला दिव्याची गोष्ट कळली. तिच्या सासरच्या घराण्याकडे या दिव्याचा मान होता. त्यासाठी वर, तळ्याच्या काठाजवळ, वावराचा एक लांब तुकडा बाजूला काढलेला होता. त्याला दिवेलाचं वावर म्हणत. त्यात करडई पेरायची, तिचं तेल काढायचं, दिव्याला लागेल तेवढं दिव्याला आणि उरेल ते दिवा लावणाऱ्याच्या पोटाला. घरातला जो दिवा लावील त्यानं तो तुकडा खायचा, अशी पिढ्यांची रीत. कुठं लिहिलेलं नव्हतं, पण सगळं घर मानत होतं. रोज कडा उतरून चढायचा कंटाळा सगळ्यांना, म्हणून नवरा गेल्यावर दिवा हिच्याकडे आला. दिराला बाकीची जमीन होती. हिला दिवा होता.

"दिवा हाय तं मी हाय," ती एकदा म्हणाली होती. मी तेव्हा ते नुसतं ऐकलं.

पौष-माघात मी संध्याकाळी कडा चढून वर आलो की ते वावर समोर दिसायचं. सगळीकडे वाळलेलं, तोडलेलं रान आणि मधे करडईच्या पिवळ्या-केशरी फुलांचा एक सरळ तुकडा. चढताना छाती भरून आलेली असायची, त्या काठावर मी दम खात उभा राहायचो आणि ते बघायचो. मग खोलीवर जायचो.

एका कार्तिकात साहेब आले. देवळांची डागडुजी बघणारे, चांगले शिकलेले, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी दिवळीच्या वर भिंतीत गेलेली चीर पाहिली आणि बराच वेळ तिच्यावरून बोट फिरवत राहिले. मग पेटीतून काच काढली. बोटभर रुंद, वीतभर लांब अशी पातळ पट्टी. चिरेच्या दोन्ही बाजूंना ओल्या सिमेंटचे गोळे लावून त्यांनी ती आडवी बसवली आणि सिमेंटवर खिळ्यानं तारीख कोरली. मला समजावून सांगितलं की भिंत हलत असेल तर चीर वाढेल आणि चीर वाढली तर काच तडकेल. काचेला हात लावायचा नाही, रोज बघायचं, तडा दिसला की लगेच येऊन सांगायचं. काच शाबूत राहिली तर देवळाला भीती नाही. मला ती युक्ती फार आवडली. एवढं दगडाचं देऊळ आणि त्याची नाडी एका काचेत.

त्या दिवशी मावशी आली, दिवळीपाशी गेली आणि थबकली. काच दिव्याच्या वर थोडी पुढं आलेली होती. तिनं मान तिरपी करून पाहिलं. तळ्यात हिवाळ्याचा वारा फार वाईट येतो. कड्यावरून उतरतो आणि देवळात शिरून फिरत राहतो. तिचा दिवा त्या वाऱ्यानं कितीदा तरी विझायचा. मग दुसऱ्या दिवशी दिव्यात तेल तसंच राहिलेलं पाहून ती देवाची माफी मागत बसायची.

"सरकारनं दिव्याले काच लावली वाटते, भाऊ," ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मी बघत राहिलो. "कंदिलाले असते तशी. वारा लय सतावे. आता नाई इझत."

तिनं दिवा सरकवून बरोबर काचेखाली आणला. ज्योत काचेच्या आडोशाला स्थिर झाली, निदान तिला तसं वाटलं. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. नुसता हसलो.

मी का बोललो नाही, याचा पुढं मी फार विचार केला. एक तर ती इतकी खूश होती. आयुष्यात सरकारनं तिच्यासाठी काही केलं असं तिला पहिल्यांदाच वाटत होतं आणि त्या सरकारचा माणूस म्हणून ती माझ्याकडे बघत होती. दुसरं, मला वाटलं उद्या सांगू. मग उद्याही तसंच वाटलं. आणि तिसरं म्हणजे, मी तिला दिवा सरकवायला सांगितला असता तर तिनं सरकवला असता, पण मला भीती होती की तिला वाटेल, हा आता आपल्याला देवळात काय करायचं ते सांगू लागला. जिनं माझा तांब्या तोंडाला लावला होता तिच्या डोळ्यांत मला ते बघायचं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी मी गप्प राहिलो.

तिनं गावातही सांगितलं असावं. दोन-चार बाया मुद्दाम काच बघायला उतरल्या. एकीनं काचेला कुंकू लावलं. ते मी पुसलं, पण दिवा होता तिथंच राहिला. त्या हिवाळ्यात तो खरंच कमी विझला. वाराच कमी होता की काचेचा थोडा आडोसा होत होता, मला माहीत नाही.

आणि एका सकाळी काच तडकलेली होती.

मी उजेडाकडे पाठ करून कितीतरी वेळ तिथं उभा होतो. तडा मधोमध गेलेला आणि त्याच्या खालच्या बाजूला काजळीचा जाड डाग. दिव्यात अजून थोडी धग होती. भिंतीवरची चीर मी बोटानं तपासली. होती तशीच होती. दिव्याच्या आचेनं तापलेल्या काचेला पहाटेचा गारवा बसला आणि ती तडकली, हे कळायला शिक्षण लागत नव्हतं.

साहेब तेव्हा मेहकरकडच्या एका देवळाच्या कामावर होते. मी बसनं गेलो. बसमध्ये खिडकीशी बसून मी विचार केला की काय सांगायचं. काच तडकली, का ते माहीत नाही, असं सांगितलं तर साहेब समजतील भिंत हलली, मग देवळाला टेकू लागतील आणि ते सगळ्यांनाच बंद होईल. म्हणजे खरं सांगण्यातच देवळाचं भलं होतं. पण वानरानं दगड मारला, असंही सांगता आलं असतं. वानरं सगळं मोडतात, साहेबांना ते माहीत होतं. त्यांनी नवी काच लावली असती आणि मी मावशीला सांगून दिवा सरकवून घेतला असता. हे मला नंतर सुचलं असं मी पुष्कळांना सांगितलंय. ते खरं नाही. मला ते बसमध्येच सुचलं होतं. मेहकर यायच्या आधी सुचलं होतं आणि मी ते बाजूला ठेवलं.

मी साहेबांना जसंच्या तसं सांगितलं. दिवा, आच, बाई, सगळं. साहेबांचा चेहरा आधी उतरला होता तो खुलला. भिंत हललेली नाही याचाच त्यांना आनंद झाला. त्यांनी मला शेजारी बसवून त्यांच्याच किटलीतला चहा दिला, त्यांच्यासारख्याच कपात.

"तुम्ही खरं सांगितलंत, फार बरं केलंत," ते म्हणाले. "तुमच्यासारखी माणसं हवीत या खात्यात."

परत येताना बसमध्ये मी ते वाक्य मनातल्या मनात किती वेळा म्हटलं असेल. बापाला सांगीन असं ठरवलं. मावशीचा विचार त्या प्रवासात माझ्या मनात एकदाही आला नाही. मी कबूल करायला बसलो आहे तर मला वाटतं हेच खरं कबूल करण्यासारखं आहे.

थोड्या दिवसांत साहेब दोन माणसं घेऊन आले. नवी काच बसली. गाभाऱ्याबाहेरच्या दालनाला लोखंडी जाळीचं दार बसलं आणि त्याची किल्ली माझ्या हातात आली. फुलं, पाणी बाहेरून वाहायला हरकत नाही, पण आत जाळ नको, असा हुकूम झाला. साहेबांनी मावशीला स्वतः नीट समजावलं, आजी म्हणून समजावलं. तेलानं दगड खराब होतो, काजळीखाली कोरीव काम झाकलं जातं, देऊळ टिकलं तर देव टिकेल. त्यातलं काही खोटं नव्हतं. ती मान हलवत ऐकत होती. ते गेल्यावर तिनं जाळीतून आत पाहिलं आणि मला विचारलं, "मंग ते काच दिव्याची नोती का, भाऊ?"

"नव्हती, मावशी."

"तुले ठाऊक होतं?"

मी मान खाली घातली. मावशी बाटली उचलून वर गेली. त्या दिवशी तिनं पाणी प्यायलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं दिवा देवळाच्या हद्दीबाहेर, हद्दीच्या खांबापलीकडं एका दगडावर ठेवला. वारा होता. तिनं लावावा आणि तो विझावा, असं चाललं होतं. मी माझा खाकी सदरा धरून आडोसा केला तेवढा वेळ तो जळला. मग मला उठावं लागलं.

ही बातमी घरात पोचायला वेळ लागला नाही. दिरानं भावकीतल्या जाणत्यांना बोलावलं. मावशी आदल्या दिवशी माझ्याकडे आली. म्हणाली, तू ये आणि त्याईले सांग का म्या सोडला नाई. सरकारनं बंद केला. तू सरकारचा मानूस, तुहं आयकतीन.

मी गेलो. धुतलेला गणवेश घालून गेलो. ओसरीवर पाच-सहा माणसं बसली होती, मावशी आत दाराशी. मला कुणी बस म्हणालं नाही, मी खालीच उभा राहिलो. दीर वाईट माणूस होता असं मला आजही वाटत नाही. त्यालाही मुलं होती, जमीन पुरत नव्हती. आणि तो तुकडा काठाजवळचा, चांगल्या मातीचा होता. त्यानं मला फार थोडं विचारलं.

"देवापुढं दिवा लागते का आता?"

"नाही लागत. पण त्यात मावशीचा..."

"लागते का नाई, तेवढंच सांग."

"नाही."

"कोनं बंद केला?"

"सरकारनं."

"सरकारले कोनं सांगतलं?"

तिथंही मला वानराची आठवण झाली. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "मी."

मग दीर माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुमी देव सोडले ते सोडले, बावा. आता आमचाबी दिवा इझवला."

एका म्हाताऱ्यानं त्याला हातानं गप्प केलं. पण शब्द पडून गेला होता. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी सदऱ्याचा आडोसा केला, मी कुंकू पुसलं तेही देवळासाठीच पुसलं, मी असं मनातही आणलं नाही. आणि सांगता येईना. कारण त्या क्षणी मी स्वतःला विचारत होतो की खरंच आणलं नव्हतं का? जाळीच्या दाराची किल्ली साहेबांनी हातात दिली तेव्हा मला काय वाटलं होतं? आज्याला शिरता न आलेल्या देवळाची किल्ली. कुणाला आत सोडायचं ते आता मी ठरवणार. त्या किल्लीचं वजन मला बरं वाटलं होतं. तेवढं मात्र खरं होतं.

दाराआडून मावशी बोलली. ती अशा बैठकीत बोलायची नाही.

"त्याले काऊन बोलता? त्यानं खरं सांगतलं," ती म्हणाली.

त्या दिवशी मला कोणी काहीही म्हणालं असतं तरी चाललं असतं, हे सोडून.

बैठकीत ठरलं ते सरळच होतं. दिवा नाही तर दिवेलाचं वावर नाही. उभी करडई तिची, तिनं ती काढून घ्यावी, पुढच्या पेरणीपासून तुकडा घरात मिसळावा. तिला दोन वेळा भाकर घरात मिळेल. ती म्हणाली, भाकरीसाठी मी जावेच्या हाताखाली राहत नाही. साखरखेर्ड्याला तिचा भाऊ होता. करडई निघाली, तेल काढून झालं आणि ती जायला निघाली.

जाण्याआधी ती एकदा तळ्यात उतरली. तिनं जाळीतून हात जोडले. मी किल्ली काढली, म्हणालो, आत जा मावशी, कोणी नाही. ती म्हणाली, नको, ते तुह्या नोकरीवर येईल. मग तेलाची भरलेली बाटली माझ्या पायरीवर ठेवली.

"भाजीत घाल. वाया काऊन घालवाचं?"

ती बाटली मी खोलीत फळीवर ठेवली. मला ते तेल भाजीत घालवेना. दिव्यात घालायची मला बंदी होती, आणि बंदी मोडण्याएवढा मी कधीच नव्हतो. उन्हाळ्यात त्याला खवट वास सुटला. तरी मी ती टाकली नाही.

नंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी उतरायचो, झाडायचो, काच बघायचो. काच शाबूत. पायरीवर बसायचो. तिसरा प्रहर झाला की कान आपोआप कड्याच्या वाटेकडे जायचे. माठ मी भरायचो, पण एकट्याला एवढं पाणी लागत नव्हतं, संध्याकाळी झाडाला ओतून द्यायचो. सुट्टीत घरी गेलो की बायको विचारायची, दिवसभर कोणाशी बोलता तिकडे? पूर्वी मी सांगायचो, एक मावशी येते. आता मी म्हणायचो, लोक येतात. मुली मोठ्या होत होत्या. बाप नसताना वाढायची त्यांना सवय झाली होती आणि मी घरात आलो की त्या पाहुण्यासमोर बोलावं तसं बोलायच्या. साहेबांनी म्हटलेलं ते वाक्य मी बापाला सांगितलं नाही. सांगायला गेलो तेव्हा त्याच्या तोंडाकडे पाहून मी दुसरंच काही विचारलं.

पुढच्या हंगामात दिरानं त्या तुकड्यात कपाशी लावली. चढ संपवून मी काठावर आलो की समोर सगळं एकसारखं दिसायचं. दम खायला मी मग एक वळण आधीच थांबू लागलो.

माझी बदली झाली त्याआधीच्या हिवाळ्यात मी एकदा साखरखेर्ड्याला उतरलो. सिंदखेड राजाहून परत येत होतो, बस बदलायची होती आणि बाजाराचा दिवस होता. मी मुद्दाम शोधलं असं नाही. पण शोधलं नाही असंही म्हणवत नाही, कारण बस लागलेली असताना मी बाजारात शिरलो. ती एका गोणपाटावर बसली होती. समोर करडईच्या कोवळ्या भाजीच्या जुड्या. भावाच्या वावरातली. मावशी बरीच वाळली होती. मला बघून तिनं पदर सारखा केला आणि गोणपाटाचं टोक माझ्याकडे सरकवलं. मी बसलो. तिनं माझ्या घरचं विचारलं, मुलींचं विचारलं. मग जुडीवर पाणी शिंपडत म्हणाली, "वारा येते का अजून तिथं?"

"येते, मावशी. हिवाळ्यात तर फार."

"अन् भिंत?"

"भिंत नाही हलली. दुसरी काच लावली होती, ती तशीच आहे. एवढी वर्षं झाली, तडा नाही."

तिनं थोडा विचार केला. ती जे म्हणाली त्यात राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग माहा दिवा असता तिथं, तं देवळाले काई झालं नसतं?"

साहेबांनी तेलाचं, काजळीचं सांगितलं होतं ते सगळं मला आठवत होतं. ते सगळं सांगता आलं असतं आणि त्यात काही खोटं नसतं. पण ती भिंतीबद्दल विचारत होती.

"नसतं झालं," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली, आणि समोर आलेल्या गिऱ्हाईकाकडे वळली. ते गेल्यावर तिनं एक जुडी उचलून माझ्या पिशवीत घातली. मी खिशात हात घातला तसं तिनं डोळे मोठे केले, म्हणून मी हात काढला. बसवाला हाका मारत होता.

लोणारला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. खोलीत मी स्टोव्ह पेटवला आणि भाजी निवडली. फळीवरची बाटली काढून उघडून पाहिली. वास तसाच होता. मी ती परत ठेवली, दुकानातलं तेल घेतलं आणि भाजी केली. एकट्यासाठी ती जास्त झाली होती. तरी मी ती सगळी संपवली.